नात्यात नसलेली बाई

माझ्या सुनेला मी लग्नानंतर अठरा वर्षांनी पहिल्यांदा 'अहो' म्हटलं, तेही नगरपालिकेच्या माणसासमोर, आणि म्हणताना जीभ अडखळली. साहेबांना वाटलं, आजारामुळे अडखळली.

"सावकाश बोला, मावशी," ते म्हणाले. "घाई नाही."

"अहो बाई," मी पुन्हा म्हटलं, "साहेबांना पाणी द्या."

मालन दोन पावलं गेली आणि वळली. "ग्लास कुठं असतात, मावशी?"

त्या घरातला एकूण एक ग्लास दिवसातून चारदा तिच्या हाताखालून जायचा. "मांडणीवर, डावीकडं," मी सांगितलं. एरवी ती मला आत्या म्हणायची. मावशी हे साहेबांपुरतं होतं. माझा मुलगा उमाकांत खुर्चीत पाठ ताठ करून बसला होता आणि आमच्या दोघींच्या कामावर खूश दिसत होता.

हे सगळं त्याच्याच डोक्यातून निघालेलं. कचेरीसमोर त्याचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. दुकान कसलं, तालुक्यातल्या अर्ध्या लोकांचं नशीब तिथं टाईप व्हायचं. उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डातली नावं, विहिरीचे अर्ज. कुठल्या योजनेला कुठला कागद लागतो आणि कुठला नसला तरी चालतो, हे त्याला कारकुनांपेक्षा जास्त ठाऊक.

मी बावीस वर्षं स्टँडमागं खानावळ चालवली. खराडे मावशींची खानावळ म्हटलं की कृष्णाकाठची चार गावं ओळखायची. भाकरीवाल्या सहाजणी हाताखाली असायच्या. मग एका सकाळी पिठाच्या डब्यापाशी पडले ती उजव्या अंगानं गेलेच. हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. तीन महिन्यांनी बोलणं तेवढं परत आलं. लोक म्हणाले, देवाची कृपा. मालन काही म्हणाली नाही.

खानावळ बंद झाली. वर्षभर मालननंच माझं सगळं केलं. अंघोळ, संडास, वेणी, घास भरवणं. त्यात विशेष असं काही मला वाटायचं नाही. सून होती, करत होती.

तेवढ्यात नगरपालिकेची ती योजना आली. माझ्यासारख्या माणसानं घरी आपला सहायक आपण नेमायचा. पैसे माझ्या खात्यात येणार, मी त्याला पगार देणार. उमाकांतनं फॉर्म वाचून दाखवला.

"आई, यात तू नियोक्ता."

"म्हणजे?"

"मालक."

"ती मी होतेच."

पण एक अट होती. सहायक रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातला नको. मी म्हटलं, मग झालं, ठेवून दे कागद. उमाकांतनं काही कागद ठेवला नाही. तो हसला.

"मालनची सगळी कागदं अजून माहेरच्या नावाची आहेत. मालन बाबूराव यादव. मतदानाचं कार्ड, बँकेचं खातं, सगळं."

सगळ्या तालुक्यातल्या नव्या सुनांची नावं बदलून देणारा माझा मुलगा. पण बायकोचं काम फुकटचं म्हणून अठरा वर्षं मागं पडत गेलं होतं. आता ते कामाला आलं. पगार मालनच्या खात्यात जायचा आणि पैसे काढायचं कार्ड उमाकांतच्या पाकिटात राहायचं, असं ठरलं. मालनला कुणी विचारलं नाही. सही कुठं करायची ते दाखवलं.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. पण गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म उमाकांतनंच भरलेले, त्यामुळं गल्ली गप्प. नात पल्लवी कोल्हापूरला वसतिगृहात होती. भिंतीवरचा लग्नाचा फोटो तेवढा काढला. फोटोमागचा रंग उजळ राहिला होता, तिथं कॅलेंडर लावलं, ते थोडं अपुरं पडलं. आणि साहेब यायच्या दिवशी मालननं नऊच्या आधी मागच्या दारानं बाहेर पडायचं, गल्लीला वळसा घालून, हातात पिशवी घेऊन पुढच्या दारानं आत यायचं. "येऊ का, मावशी?" असं विचारून. साहेबांनी वहीत लिहिलं, 'सहायक वेळेवर हजर.'

साहेबांचं नाव हेर्लेकर. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले, पन्नाशीचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. त्या योजनेवर विश्वास असलेला सबंध नगरपालिकेत हा एकच माणूस असावा. पाणी पिऊन त्यांनी करार काढला आणि एकेक कलम वाचून दाखवायला लागले.

"कामाचे आठ तास. मध्ये अर्धा तास विश्रांती. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. आणि हे कलम सात महत्त्वाचं. घरातल्या इतर माणसांचा स्वयंपाक, धुणं, भांडी सहायकाकडून करून घ्यायची नाहीत."

"छे, छे," उमाकांत म्हणाला.

आत कुकरची शिट्टी झाली.

"स्वयंपाक कोण करतं मग?"

"माझी बायको."

"त्या कुठं आहेत?"

"माहेरी गेलीय."

दुसरी शिट्टी झाली. हेर्लेकर साहेबांनी आतल्या दाराकडं बघितलं. "कुकर कुणी लावला?"

"मीच," उमाकांत म्हणाला.

तिसरी झाली, चौथी झाली. मालन माझ्या पलंगापाशी हात बांधून उभी होती. मला वाटलं, सवयीनं आता पळेल. ती जागची हलली नाही. शेवटी उमाकांत उठून आत गेला. गॅस कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो हे त्याला सापडेपर्यंत सात शिट्ट्या झाल्या. डाळीचा वास बाहेर आला.

"घरातल्या पुरुषांनी असं करायला हवं," साहेब मला म्हणाले. "कौतुक वाटलं."

त्या दिवशी डाळ आम्ही करपलेलीच खाल्ली.

साहेब दर महिन्याला यायला लागले. सून दर वेळी माहेरी. दुसऱ्या वेळी तिच्या भावाची मुंज होती. उमाकांत घाबरून बोलून गेला, मालनला भाऊच नव्हता आणि यादवांत मुंजी करत नाहीत. तिसऱ्या वेळी वडील आजारी पडले, ते जाऊन दहा वर्षं झालेली. साहेबांचं त्या सुनेबद्दलचं मत प्रत्येक भेटीला खाली खाली जात होतं.

"बोलू नये," एकदा ते बोललेच, "पण सासू अशी पडलेली असताना सूनबाई माहेरी बसतात, हे पटत नाही. आणि या यादवबाई बघा. परक्या आहेत, पण काय माया आहे हातात! यादवबाई, सूनबाई वागायला कशा आहेत?"

मालन माझे केस विंचरत होती. फणी थांबली नाही.

"कल्पना नाही, साहेब," ती म्हणाली. "माझी त्यांची भेट नाही झाली अजून."

मला हसू आलं. अर्ध्या तोंडानं हसलं की ते हसणं दिसत नाही, त्याचा मला तेवढा फायदा. पण रात्रीच्या जेवणापर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. आज मला सगळं ओळीनं दिसतं; तेव्हा एकेक गोष्ट साधी वाटली. आधी कार्डाचं झालं. साहेबांनी मालनला विचारलं, "पैसे काढायचं कार्ड तुमच्याकडंच असतं ना? दाखवा." उमाकांतनं मागच्या मागं पाकिटातून काढून तिच्या पिशवीत सरकवलं, तिनं पिशवीतून काढून दाखवलं. संध्याकाळी त्यानं हात पुढं केला.

"आण ते."

"राहू दे माझ्याजवळ," मालन म्हणाली. "साहेब कधीही बघायला येतील. पुन्हा पिशवीत टाकताना दिसलं तर?"

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. उमाकांतनं दोन-चार दिवस धुसफूस केली आणि सोडून दिलं. पुढं खर्चाला पैसे हवे असले की तो तिच्याकडं मागायचा. कशाला हवेत, असं ती विचारायची. देत नव्हती असं नाही, विचारायची.

मग सुट्टीचं आलं. गुरुवार ठरला होता. साहेब म्हणाले, एखाद्या गुरुवारी अचानक येईन. सुट्टीच्या दिवशी सहायक कामावर दिसली तर अनुदान बंद. म्हणजे दर गुरुवारी मालन घरात नको.

"नऊला बाहेर पड, पाचला ये," उमाकांतनं तिला सांगितलं. "कुठंही जाऊन बस."

पहिल्या गुरुवारी उमाकांतनं दुकान बंद ठेवलं. मला न्हाणीत न्यायला उठवलं तर दारात आम्ही दोघं अडकलो, शेजारच्या दोघांनी येऊन सोडवलं. दुपारी खिचडी केली, ती दाताखाली कडकड वाजत होती. तीनच्या सुमारास माझं अंथरूण ओलं झालं. त्यानं नाकाला रुमाल लावला, बराच वेळ विचार केला आणि त्या चादरीवर दुसरी चादर अंथरली. पाचला मालन आली. तिनं दोन्ही काढल्या.

"काय केलंस दिवसभर?" मी विचारलं.

"घाटावर बसले."

"दिवसभर?"

"हो. पाणी बघितलं. डबा खाल्ला."

एवढंच सांगितलं, पण सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. सुट्टी काय असते ते मी तिच्या तोंडावर पहिल्यांदा बघितलं. माझ्या भाकरीवाल्यांना दर सोमवारी सुट्टी असायची. त्या दिवशी खानावळीची मोठी भांडी घासायला मालन जायची, बायका नसायच्या म्हणून.

पुढं नगरपालिकेनं सहायकांसाठी सहा दिवसांचं प्रशिक्षण काढलं. सक्तीचं. उमाकांतनं कपाळाला हात लावला, पण पाठवावं लागलं. सहाव्या दिवशी ती परत आली ती थेट माझ्या पलंगाशी.

"आत्या, मी तुम्हाला इतके दिवस चुकीचं उचलत होते. काखेत हात घालून ओढायचं नसतं. खांदा निखळतो. आणि उचलायच्या आधी सांगायचं असतं."

"काय सांगायचं?"

"आता उचलते, असं."

"त्यात सांगायचं काय? मला दिसत नाही होय?"

पण ती सांगायला लागली. आता उचलते, आत्या. आता कूस बदलते. पाणी गार आहे हं, घालू का? चार दिवस माझी चिडचिड झाली. पाचव्या दिवशी ती घाईत सांगायला विसरली आणि मी दचकले. तेव्हा कळलं, मी वर्षभर रोज अशीच दचकत होते. तांदळाच्या पोत्यासारखं कुणी धरायचं, कुणी टाकायचं, आणि पोत्यानं बोलायचं ते फक्त शिव्या द्यायला. माझ्या त्या शिव्या सगळ्या मालनलाच जायच्या, दुसरं कोण होतं समोर?

परीक्षेत ती पहिली आली होती. हे आम्हाला साहेबांनी पुढच्या भेटीत सांगितलं. तिनं सांगितलं नव्हतं.

नवव्या महिन्यात एका सकाळी माझी औषधं देऊन झाल्यावर तिनं माझ्या डाव्या हातात एक कागद ठेवला. मला चष्म्याशिवाय दिसेना. उमाकांतनं घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"'श्रीमती खराडे यांस. मी, मालन बाबूराव यादव, करारातील कलम अकराप्रमाणे आपणास एक महिन्याची पूर्वसूचना देत आहे की, पुढील महिन्याच्या एक तारखेपासून मी आपल्याकडील सहायकाचे काम सोडत आहे. तरी माहितीस्तव सादर.'"

"मायना बरोबर आहे," तो सवयीनं म्हणाला. मग त्याला अर्थ लागला. "डोकं फिरलंय का तुझं? कुठं चाललीस?"

"पेंढारकर बाईंकडं. शाळेत होत्या त्या. संधिवातानं जखडल्यात. त्यांनाही अनुदान मंजूर झालंय. नऊ ते पाच."

"तू या घरची सून आहेस!"

"साहेबांना तसं सांगायचं का?"

मग मी बोलले. आवाज चढवायचा होता, पण तो भलताच बारीक निघाला.

"मालन, मला सोडून चाललीस?"

"घर नाही सोडत, आत्या. संध्याकाळी इथंच आहे. नोकरी सोडतेय."

"नोकरी कसली? नाटक होतं ते."

"तुमचं होतं," ती म्हणाली आणि औषधांचा डबा बंद करून जागेवर ठेवला.

उमाकांतनं त्याच दिवशी उपाय शोधला. सहायकानं घर बदललं की आधीच्या मालकाचा अभिप्राय लागायचा. तक्रार असली तर नाव यादीतून कमी.

"तू फक्त तक्रार आहे म्हण," तो माझ्या कानाशी बसून सांगायला लागला. "हात उचलते म्हण, नाहीतर वस्तू गायब होतात म्हण. एका शब्दाचं काम आहे, आई. नाहीतर परकी बाई येईल. कशी असेल, काय असेल, कुठं कुठं हात लावेल तुला."

खोटं कशाला बोलू? परक्या हातांची मला भीती होती. माझं उघडं अंग त्या आजारात मालनशिवाय कुणी बघितलं नव्हतं. चार दिवस मी तो शब्द तोंडात घोळवला. मालनला हे सगळं ऐकू जात होतं, घर काही मोठं नव्हतं. ती रोजच्यासारखी मला सांगून उचलत राहिली.

पाचव्या दिवशी हेर्लेकर साहेब आले. फॉर्म मांडीवर घेतला. उमाकांत माझ्या उशाशी, मालन दारात.

"मावशी, मी विचारतो, तुम्ही सांगा. सहायकाचं लाभार्थीशी नातं?"

आधी हेच मी पैशासाठी खोटं सांगितलं होतं. आता खरं सांगितलं असतं तर मालनची नोकरी जाणार होती.

"नाही," मी म्हटलं.

"वेळेवर यायच्या?"

"यायच्या."

"स्वच्छता? वागणूक?"

"चांगली."

"किती सेवा झाली?"

"अठरा वर्षं," मी म्हटलं.

उमाकांतनं माझा खांदा दाबला. साहेबांनी पेन वर धरलं. माझ्याकडं बघितलं, मालनकडं बघितलं, भिंतीवरच्या त्या अपुऱ्या कॅलेंडरकडंही बघितलं. मालन जमिनीकडं बघत होती.

"मावशी," ते हळू म्हणाले, "योजनाच मुळात नऊ महिन्यांपूर्वी सुरू झाली."

"मग नऊ लिहा. तुमच्या कागदावर तेवढीच मावत असेल तर."

त्यांनी नऊ लिहिले. मग बराच वेळ खालची ओळ वाचत बसले. "शेवटचा प्रश्न. सहायकाबद्दल काही तक्रार?"

उमाकांतचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"आहे," मी म्हटलं. उमाकांतचा हात सैल झाला. "ती लवकर सांगत नाही. किती दुखतं, किती दमली, काहीच सांगत नाही. बाकी काही नाही. हे लिहायचं का?"

"यासाठी रकाना नाही," साहेब म्हणाले. त्यांनी 'तक्रार नाही' असं लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढं धरला. डाव्या हातानं सही करायला मला मालननं शिकवलं होतं, दोन महिने पाटी धरून. ती सही त्या दिवशी चांगली आली. उमाकांत तिथून उठून दुकानात गेला आणि जेवायला आला नाही.

साहेब जाताना मालनला नमस्कार करून गेले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनी कधी दाखवलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली. योजनेवर एवढा विश्वास असलेला माणूस एका जागी फार दिवस टिकत नसावा.

एक तारखेला मालन साडेआठला पुढच्या दारानं बाहेर पडली. नऊला नवी सहायक नसीम आली, पाणंदीपलीकडच्या वस्तीतली, हात मोठे आणि गरम. मी अंग आखडून घेतलं. ती म्हणाली, "घाबरू नका, मीपण घाबरलेयच." दोघींनी मिळून कसाबसा दिवस काढला. पाचला तिनं पिशवी उचलली आणि गेली. कराराप्रमाणे.

साडेपाचला मालन आली. पाय धुतले, स्वतःच चहा केला, मला बशीतून पाजला आणि आपला कप घेऊन माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती बसलेली मी आधी कधी बघितली नव्हती. ती खुर्ची साहेबांची, नाहीतर उमाकांतची.

"कशा आहेत पेंढारकर बाई?" मी विचारलं.

"चांगल्या आहेत. खवचट आहेत थोड्या. पण विचारून सांगतात."

"म्हणजे गं?"

"म्हणजे पाणी हवं असलं तरी विचारतात, आत्ता जमेल का म्हणून. मला आधी कळेचना काय उत्तर द्यायचं." ती हसली. "जमेल म्हटलं."

मला मघापासून लघवीला जायचं होतं. नसीम गेल्यापासूनच. एरवी मी हाक मारली असती आणि मालन हातातलं टाकून आली असती. हाक गळ्यापर्यंत आलीही होती. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, कपातनं वाफ येत होती, आणि तिचे आठ तास भरलेले होते.

मी तिचे दोन घोट होऊ दिले.

"मालन," मी म्हटलं, "न्हाणीत जायचं होतं. आत्ता जमेल का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. चटकन उठली नाही. कप दोन्ही हातांत तसाच धरून म्हणाली, "दोन मिनिटं थांबता का, आत्या? चहा संपवते."

मी थांबले.